गोपनीयता मुलाची की संस्थेची? : समुपदेशकाच्या मर्यादा व कळविण्याचे कर्तव्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. राहायला जागा, दोन वेळचे अन्न आणि अभ्यासाला दिवा एवढे मिळाले, तर आपली मुले कुठवर जातात, हे समाजाने तेव्हापासून पाहिले आहे. आमच्यासारखे कितीतरी शिक्षक अशाच वसतिगृहांच्या पंगतीत वाढले. आईबाप लेकराला निवासी शाळेच्या दारात सोडून मागे वळतात, तेव्हा ते फार मोठा विश्वास टाकून जातात. त्या विश्वासाचे एक अंग असे आहे, की ज्याविषयी स्मरणिकेत सहसा कोणी लिहीत नाही. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही ठरविले आहे.

निवासी शाळांत आता समुपदेशक येऊ लागले आहेत. मूल रात्री दचकून उठते, अभ्यासात मागे पडते, कोणाशी बोलत नाही, तेव्हा त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेही नेले जाते. ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या बंद खोलीत मुलाने आपल्यावरील अत्याचार सांगितला, तर ऐकणाऱ्याने काय करावे?

एक जुनी आठवण

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका संस्थेत शिकवीत होतो. सातवीतील एक हुशार विद्यार्थी अचानक अबोल झाला. एका रात्री अभ्यासिका संपल्यावर आम्ही त्याला जवळ बसवून विचारले. तो म्हणाला, "सर, कुणाला सांगणार नाही म्हणा, मग सांगतो." आम्ही शब्द दिला. वसतिगृहातील एक कर्मचारी त्याच्याशी कसा वागतो, हे त्याने खाली मान घालून सांगितले. दोन दिवस आम्ही त्या शब्दात अडकून पडलो. तिसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितले. उत्तर मिळाले, "गुरुजी, संस्था आपलीच आहे. बाहेर कळलं तर समाजाचं नाव जाईल. आतल्या आत मिटवू."

त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढले. वर्षभराने तो दुसऱ्या तालुक्यातील वसतिगृहात कामाला लागल्याचे कळले. तो विद्यार्थी दिवाळीच्या सुटीनंतर परत आला नाही आणि आम्हीही त्याच्या गावी गेलो नाही. देऊ नये तो शब्द आम्ही दिला आणि जिथे सांगायला हवे तिथे सांगितले नाही. हा लेख त्या ऋणातून लिहिला आहे.

गुप्ततेचा हक्क आणि तिची सीमा

रुग्णाचे बोलणे गुप्त ठेवणे हा मानसोपचाराचा पाया आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 ने हा रुग्णाचा हक्क मानला आहे. मात्र त्याच कलमात अपवादही आहेत. दुसऱ्या व्यक्तीला इजा किंवा हिंसेपासून वाचवायचे असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. थोडक्यात, गुप्तता रुग्णाच्या हितासाठी आहे. त्याला छळणाऱ्याने तिच्या आडोशाला लपावे, हा तिचा हेतू कधीच नव्हता.

जगालाही हे उशिरा उमगले. 1962 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या दुखापतींवर एक लेख प्रसिद्ध केला. पालक 'पडला' म्हणून सांगतात आणि डॉक्टर तेच खरे मानतात, हे त्यातून पुढे आले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत तेथील सर्व राज्यांनी अशी प्रकरणे कळविण्याचे कायदे केले.

आपला कायदा

आपल्याकडे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, 2012, म्हणजेच 'पोक्सो', 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. त्याच्या कलम 19 नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याची ज्याला भीती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळविले पाहिजे. डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक, गृहपाल यांपैकी कोणालाही त्यातून सूट नाही. अपराध माहीत असूनही न कळविणाऱ्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या हाताखालील माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड आहे. सद्भावनेने कळविणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. पुरावा गोळा करणे हे कळविणाऱ्याचे काम नाही. तो तपास पोलिसांचा आहे. पोलिसांनीही चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला माहिती द्यावयाची असते.

याचा अर्थ किती गंभीर आहे, हे आपल्याच महाराष्ट्रातील एका प्रकरणाने दाखविले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण पुढे आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही कळविले नाही, असा आरोप होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. डॉक्टर दोषी की निर्दोष, हे त्या निकालाने ठरविले नाही. परंतु माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध आहे आणि त्यातून बहुधा अपराध्यालाच पाठीशी घातले जाते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

या कर्तव्यात अडचणी नाहीत, असे नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण कायद्याने बालक असल्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे परस्परसंमतीचे संबंधही कळवावे लागतात. त्या भीतीने मुली डॉक्टरकडे जाण्याचेच टाळतात. म्हणून गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव व ओळख सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात म्हटले. कळविणे आणि मुलाची लाज राखणे, दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागते.

विनयाचा दाखला

बौद्ध संस्थेला हा विचार परका नाही. भिक्षु-पातिमोक्खातील पाचित्तिय विभागाच्या चौसष्टाव्या नियमानुसार दुसऱ्या भिक्षूचा गंभीर अपराध जाणूनबुजून झाकणारा भिक्षू स्वतः दोषी ठरतो. भिक्षुणीसाठी नियम याहून कठोर आहे. दुसऱ्या भिक्षुणीचा पाराजिक अपराध झाकणारी भिक्षुणी स्वतः पाराजिक ठरते, म्हणजेच संघाबाहेर जाते. 'अनियत' नियमांच्या मुळाशी तर विशाखा उपासिका आहे. उदायी नावाचा भिक्षू एका तरुणीसह एकांतात बसलेला तिने पाहिला, त्याला टोकले आणि त्याने ऐकले नाही तेव्हा इतर भिक्षूंना सांगितले. विश्वासपात्र उपासिकेचे सांगणे विचारात घ्यावे, असा नियम झाला. चीवराने दोष झाकला जात नाही, हे तथागतांच्या संघाने मान्य केले होते. मग संस्थेच्या नावाने तो कसा झाकावा?

समुपदेशकाने पाळावयाच्या मर्यादा

पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा भाषेत सांगावे : "तू सांगशील ते मी इतर कोणाला सांगणार नाही. पण तुला कोणी त्रास देत असेल, तर तुला वाचवण्यासाठी मला काही जणांना सांगावे लागेल. कोणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन." आम्ही त्या मुलाला एवढे तीन वाक्ये सांगितली असती, तर पुढचे दोन दिवस वाया गेले नसते.

मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे. उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. तीच हकिकत चार जणांसमोर पुन्हापुन्हा वदवून घेऊ नये. ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलासमोर उभे करू नये. कळविल्यानंतरही मुलाची साथ सोडू नये, कारण खरी गरज तेव्हाच असते.

समुपदेशकाच्या स्वतःच्या वागण्यालाही सीमा असावी. मुलाला एकट्याला घरी बोलावणे, रात्री खासगी संदेश पाठविणे, भेटवस्तू देऊन जवळीक वाढविणे, हे सर्व वर्ज्य समजावे. जो गृहपाल शिक्षा करतो, त्यालाच समुपदेशक नेमू नये. मूल त्याच्याशी मोकळे होणार नाही.

पालक व माजी विद्यार्थ्यांस

केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाच्या 2007 च्या अहवालासाठी तेरा राज्यांतील 12,447 मुलांशी बोलणे झाले. त्यांतील 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले. बहुतेकांनी तो पूर्वी कोणालाही सांगितला नव्हता. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीची व विश्वासातील माणसे मोठ्या संख्येने होती. तेव्हा आपल्या शाळेत समुपदेशक आहे का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मुलांच्या नजरेस पडेल असा लावला आहे का, हे पालकांनी निःसंकोच विचारावे. अशा प्रश्नाने संस्थेचा अपमान होत नाही.

आपल्या समाजावर शतकानुशतके अन्याय झाला आणि तो बोलू दिला गेला नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बोलायला शिकविले. त्याच समाजाच्या संस्थेत एखाद्या लेकराला 'गप्प राहा' असे सांगितले जात असेल, तर आपण त्यांच्यापासून फार दूर गेलो आहोत. संस्थेचे नाव आतल्या आत मिटविल्याने राहत नाही. मूल बोलले आणि मोठ्या माणसांनी त्याच दिवशी योग्य ठिकाणी कळविले, असे ज्या शाळेविषयी सांगता येईल, त्या शाळेचे नाव राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!