चौकोनाची किंमत: लोकरीची आणि हाताची

क्रोशाचं रंगीत पांघरूण पाहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लोकर कितीची लागली?" तो प्रश्न अर्धाच आहे. उठावदार चौकोनांच्या पांघरुणात दर तीन रुपयांतले जवळपास दोन रुपये हाताचे असतात, लोकरीचा उरतो एकच. घरासाठी विणा, बचत गटातून विका किंवा विकत घ्या, हा हिशेब आधी कळायला हवा. चंद्रपूर-गडचिरोलीत तर जास्तच. लोकरीचं दुकान लांब आहे, थंडी दोन महिन्यांची आहे, आणि अंदाज चुकला तर दुसरी खेप महाग पडते.

आधी एक चौकोन, मग बाजार

कोणत्याही पुस्तकातला लोकरीचा आकडा तुमच्या हाताला तंतोतंत लागू पडत नाही. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. म्हणून घरातल्या उरलेल्या लोकरीचा एक पूर्ण चौकोन विणा, टोकं लपवा आणि दोन गोष्टी लिहून ठेवा: त्याचं वजन आणि लागलेली मिनिटं. वजनासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. एकाच चौकोनाच्या वजनात काट्याची चूक मोठी ठरते, म्हणून शक्य असेल तर चार विणून चारने भागा.

या लेखात हिशेब सोपा राहावा म्हणून पुढचे आकडे धरले आहेत. चौकोन ६ इंची. मध्यम जाडीची अॅक्रिलिक लोकर, १०० ग्रॅमला १०० रुपये, म्हणजे ग्रॅमला रुपया. उठावदार चौकोन १६ ग्रॅमचा आणि ४५ मिनिटांचा. साधा जाळीचा चौकोन १० ग्रॅमचा आणि २५ मिनिटांचा. ही मिनिटं सवयीच्या हाताची आहेत, नवशिकीला दुप्पट लागतील. तुमच्या दुकानात लोकर ८० रुपयांना मिळत असेल तर लोकरीचा आकडा ०.८ ने गुणा, १२० ला मिळत असेल तर १.२ ने.

मजुरी कशी धरायची? रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये दर होता. आठ तासांनी भागलं की तासाला ३९ रुपये. हा अकुशल कामाचा दर आहे. क्रोशा कुशल काम आहे, म्हणजे ३९ ही त्याची खालची पायरी झाली. त्याच्याही खाली उतरायचं नाही.

सामान

सुरुवातीला लागते ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, लहान कात्री आणि मेजपट्टी. सगळं मिळून २०० रुपये बाजूला ठेवा. हा खर्च एकदाच होतो. बारा सुयांचा संच पहिल्या दिवशी घेऊ नका, वर्षभर त्यातल्या दोनच वापरल्या जातात.

लोकर निवडताना आपलं हवामान आधी बघा. मे महिन्यातलं चंद्रपूर देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत असतं. उशांचे अभ्रे, टेबलावरची पट्टी, तोरण अशा बारमाही वस्तूंना सुती दोरा बरा. तो महाग पडतो, पण टोचत नाही आणि घामाने चिकटत नाही. थंडीच्या पांघरुणाला अॅक्रिलिक परवडते. ती हलकी असते, घरी धुता येते आणि गडचिरोलीच्या पावसाळ्यात तिला कसर लागत नाही. खरी लोकर सर्वांत उबदार, पण तिला कसर लागते. पेटीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा आणि उघडीप मिळाली की ऊन दाखवा.

एक धोका मात्र जपायला हवा. अॅक्रिलिक आगीने वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. पौष-माघात अंगणातल्या शेकोटीजवळ बसताना ते पांघरूण खांद्यावर घेऊ नका. तिथे जुन्या लुगड्यांची गोधडीच बरी.

वस्तू व सेवा कराचा कृत्रिम धाग्यावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुकानात त्याआधीचा माल असेल तर जुन्या छापील किमतीवर थांबू नका, दर विचारा.

चौकोन कसा विणायचा

पाच फेऱ्या, पाच रंग. पळसाचा केशरी, मोहाचा फिका पिवळा, सागाच्या पानाचा हिरवा, मातीचा तांबडा आणि कडेला गडद निळा ही जोडणी आपल्या जंगलातलीच आहे.

पहिली फेरी: ४ साखळ्यांचं कडं करून त्यात १२ खांब घाला. सुरुवातीच्या ३ साखळ्या पहिला खांब म्हणून मोजा.

दुसरी फेरी, उठावाची: दोन खांबांमधल्या प्रत्येक जागेत ४ खांब घाला. सुई काढून घ्या, त्या चारांतल्या पहिल्या खांबाच्या माथ्यातून घाला आणि सुटा राहिलेला फास त्यातून ओढून घ्या. चारही खांब लाहीसारखे फुगून पुढे येतात, म्हणूनच या टाक्याला पॉपकॉर्न म्हणतात. मग २ साखळ्या. अशा १२ लाह्या होतील.

तिसरी फेरी: प्रत्येक साखळीच्या जागेत ३ खांब. दर तिसऱ्या जागेत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब घातले की चार कोपरे पडतात आणि गोल चौकोनी होतो.

चौथी फेरी: खांबांच्या जुडग्यांमधल्या जागेत ३ खांब, कोपरे तिसऱ्या फेरीसारखेच.

पाचवी फेरी: माथ्यात सुई न घालता खालच्या खांबाच्या अंगाला समोरून वळसा घालून खांब विणा. त्याने कडेला उभी नक्षी उठते. कोपऱ्यांची रीत तीच. माप ६ इंचाला कमी पडलं तर मुक्या खांबांची एक फेरी वाढवा.

अॅक्रिलिकच्या चौकोनावर इस्त्री फिरवू नका, उठाव कायमचा बसतो. चौकोन ओला करून टाचण्यांनी मापात ताणा आणि सावलीत वाळवा.

तीन वस्तूंचा हिशेब

जोडणी आणि काठासाठी चौकोनांच्या वजनाच्या १५ टक्के लोकर जादा धरली आहे.

*उशीचा अभ्रा, १८ बाय १८ इंच, एक बाजू विणलेली.* ९ चौकोन. लोकर १६६ ग्रॅम, १६६ रुपये. मागचं कापड आणि चेन ८० रुपये. वेळ जोडणीसह ९ तास, मजुरी ३५१ रुपये. एकूण ५९७ रुपये.

*बाळाचं पांघरूण, ३० बाय ३६ इंच.* ३० चौकोन. लोकर ५५२ ग्रॅम, ५५२ रुपये. वेळ २८ तास, मजुरी १,०९२ रुपये. एकूण १,६४४ रुपये.

*एका माणसाचं पांघरूण, ६० बाय ९० इंच.* १५० चौकोन. लोकर २ किलो ७६० ग्रॅम, २,७६० रुपये. वेळ १३८ तास, मजुरी ५,३८२ रुपये. एकूण ८,१४२ रुपये.

शेवटचा आकडा पाहून दचकू नका. नुसती ऊबच हवी असेल तर गोधडी किंवा सोलापुरी चादर कितीतरी स्वस्तात काम करते. विणायचं ते आयुष्यभर जपण्याच्या वस्तूसाठी, आणि पहिल्यांदा विणणाऱ्याने अभ्र्यापासून सुरुवात करावी. नऊ चौकोनांत हात बसतो आणि वस्तू पुरी होते.

बाळासाठी विणताना चौकोनांमागे मऊ सुती अस्तर लावा, कारण जाळीत बाळाची बोटं अडकतात. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेताना बाळाला ऊबदार ठेवण्यावर भर दिला. ऊब हवीच, पण झोपलेल्या बाळाच्या तोंडावर सरकेल असं सैल पांघरूण नको.

न दिसणारे खर्च

टोकं. पाच रंगांच्या चौकोनाला दहा सुटी टोकं असतात. दीडशे चौकोनांची दीड हजार. ती शेवटी लपवायची ठेवली तर काम तिथेच अडतं. प्रत्येक चौकोन संपताच त्याची टोकं लपवा.

लॉट नंबर. लेबलावर रंगाच्या क्रमांकाशेजारी रंगवण्याचा लॉट नंबर असतो. लॉट बदलला की तोच रंग किंचित वेगळा दिसतो. एटापल्ली किंवा भामरागडच्या बाईला एका गुंड्यासाठी पुन्हा जिल्ह्याच्या गावी जायचं तर एसटीचं अर्धं तिकीट आणि बुडालेला दिवस, दोन्ही जातात. त्या दिवसाचे ३१२ रुपये लोकरीच्या तीन गुंड्यांएवढे झाले. काठाच्या आणि जोडणीच्या रंगाचा एक गुंडा जादाच आणा.

धूळ. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस भागात कोळशाची बारीक धूळ घरात येते आणि पॉपकॉर्नच्या फुगवट्यात बसून राहते. तिथे पांढरा काठ टाळा, गडद काठ घाला. तोरण काढून धुता येईल असं बांधा.

हात. सलग विणल्याने मनगट आणि अंगठा भरून येतो. दर पाऊण तासाला, म्हणजे एका चौकोनानंतर, हात मोकळा करा. दुखण्याचा खर्च कोणत्याच वहीत लिहिलेला नसतो.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

उठाव हा सर्वांत महाग टाका आहे. मोठ्या पांघरुणात तीन चौकोनांतला एकच उठावदार ठेवा, दोन साधे जाळीचे. ५० उठावदार आणि १०० साधे धरले तर लोकर २ किलो ७० ग्रॅम लागते, वेळ सुमारे १०५ तास. एकूण ६,१६५ रुपये. जवळपास दोन हजार वाचले, आणि उठावदार चौकोन साध्यांच्या शेजारी जास्त खुलून दिसतात.

उरलेल्या लोकरीची पहिली फेरी करा. मधला रंग प्रत्येक चौकोनात वेगळा चालतो, फक्त शेवटची फेरी सगळीकडे एकाच रंगाची ठेवा. तेवढ्याने विखुरलेले रंग एका घरात येतात.

जोडणीत मात्र काटकसर नको. कमी टाक्यांत जोडलेलं पांघरूण दुसऱ्या धुण्यात उसवतं आणि १३८ तासांची मेहनत जाते.

गटाने विणायचं असेल तर

दहा जणींत १५० चौकोन वाटले की प्रत्येकीला पंधरा येतात. अडचण मापाची असते. पुठ्ठ्याचा ६ इंची साचा कापून प्रत्येकीला द्या; साच्याला न बसणारा चौकोन जोडायला घ्यायचा नाही, सुई बदलून तो पुन्हा विणायचा. जोडणी एकाच हाताकडे ठेवा आणि तिच्या तासांची मजुरी वेगळी लिहा. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण करून गिनीज विक्रम नोंदवला. आपल्या मापाची सुमारे ३,२०० पांघरुणं त्यात मावतील. एवढं काम उभं राहतं ते अनेकींनी मिळून विणल्यामुळे.

विक्रीचं वेळापत्रक जंगलाच्या वेळापत्रकाशी जोडा. ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. ते महिने घरात बसून साठा करायचे. ऑक्टोबरपासून पर्यटक येतात, आणि त्यांच्या पिशवीत अभ्रा किंवा पेल्याखालचा एकेक चौकोन जातो, अख्खं पांघरूण क्वचितच. मे महिना तेंदूपत्त्याचा, त्या दिवसांत ऑर्डर घेऊ नका. पांघरुणाची ऑर्डर आली तर लोकरीची पूर्ण रक्कम आधी घ्या. दुकानात ठेवायला दिलंत तर दुकानदाराचा वाटा किमतीवर चढवा, मजुरीतून कापू नका.

विकत घेणाऱ्याने

वस्तू उलटी करून पाहा. टोकं आत विणलेली आहेत की नुसती कापलेली? जोडणीला दोन्ही बाजूंनी हलका ताण द्या, भोक उघडत असेल तर घेऊ नका. लोकर सुती, अॅक्रिलिक की मिश्र ते विचारा. आणि मग वजनावरून हिशेब करा: किंमत लोकरीच्याच आसपास असेल तर हाताचं कोणीतरी दिलेलं नाही. स्वेटर यंत्रावर निघतो, क्रोशा निघत नाही. त्याचा प्रत्येक खांब कोणाच्या तरी बोटांनी घातलेला असतो.

प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पुढे आंध्रात नरसापूरला जातं. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवलं की ती लेस परदेशात जात होती आणि विणणारीला शेतमजुरीपेक्षाही कमी मिळत होतं. कारण तिचं काम 'घरी बसून फावल्या वेळात केलेलं' म्हणून मोजलं गेलं. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मिळायला एवढी वर्षं गेली, आणि मजुरीचा प्रश्न मानांकनाने आपोआप सुटत नाही.

म्हणून वहीत दोन रकाने आखा. एक लोकरीचा, एक तासांचा. घरच्यांसाठी विणलेलं पांघरूण तुम्ही फुकट द्याल, ते द्यावंच. पण देतानाही दुसरा रकाना भरून ठेवा. घरातल्या लेकीसुनांना तो आकडा वाचता आला, तर त्या आपल्या हाताचे तास कोणाला फुकटात मागू देणार नाहीत.