ब्लोअर फक्त चारवरच का चालतो?

प्रश्न : माझ्या पिकअपचा हीटर एक, दोन, तीनवर मुका, चारवर मात्र सोसाट्याचा वारा फेकतो. पहाटे निफाडहून द्राक्षं घेऊन निघताना काच पुसत गाडी हाकावी लागते. मेकॅनिक मोटर बदला म्हणतो. बदलू का?

उत्तर : थांबा. चारवर जोरात फिरते ती मोटर मेलेली नाही, फ्यूजही शाबूत आहे. संशय रेझिस्टरवर घ्या. नॉबच्या गाड्यांत खालच्या वेगांना करंट त्याच्यातून जातो, चारवर थेट मोटरला मिळतो. हा भाग बहुधा डॅशबोर्डखाली, ब्लोअरजवळ, हवेच्या वाटेतच असतो. तापला की तोच वारा त्याला थंड करतो. त्यामुळे वाटेत धूळ-पाचोळा चोंदला की बिचारा जळतो.

बदलताना कनेक्टर बघा. प्लॅस्टिक वितळलेलं, पिना काळ्या पडलेल्या असतील तर तोही नवा घाला. नवा रेझिस्टर लवकरच पुन्हा गेला, तर मेकॅनिकचं खरं : मोटर जड फिरतेय, जास्त करंट ओढतेय. मोठा फ्यूज टाकून वेळ मारून नेऊ नका, वायरिंग पेटेल.

तोवर चारवरच ठेवा, हवेचा रोख काचेकडे करा. एसी असेल तर हीटरसोबत तोही लावा; हवा कोरडी होऊन काच लवकर निवळते.