'ट्रीट' आणि 'क्युअर' : अर्थभेद व वैद्यकीय व्यवहार



आपला बहुतेक व्यवहार मराठीत चालतो. रुग्णाशी बोलणे मराठीत, पथ्यापथ्य मराठीत, औषधाच्या पुडीवरील सूचनाही मराठीतच. परंतु रजेचा दाखला, विम्याचा कागद, संदर्भपत्र, औषधाच्या खोक्याची एक बाजू आणि दुकानाच्या फलकाचा खालचा भाग मात्र इंग्रजीत असतो. या इंग्रजीत दोन क्रियापदे वारंवार येतात : 'ट्रीट' आणि 'क्युअर'. दोहोंचा अर्थ 'बरे करणे' असा ढोबळपणे गृहीत धरून आपण एकाच्या जागी दुसरे सर्रास लिहितो. प्रस्तुत लेखात या दोहोंतील भेदाचा विचार करावयाचा आहे, कारण या भेदाची किंमत प्रस्तुत लेखकाने स्वतः मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वी मधुमेहाचा एक रुग्ण आहार, व्यायाम आणि औषधे नेटाने सांभाळून उत्तम स्थितीत आला. साखर नियमित, औषधे थांबलेली. त्याला विम्यासाठी दाखला हवा होता. उत्साहाच्या भरात मी इंग्रजीत 'क्युअर्ड ऑफ डायबेटीस' असे लिहून सही केली. पुढे दोन वर्षांनी साखर पुन्हा वाढली. विमा कंपनीने तो दाखला पुढे करून विचारले की, बरा झालेला रोग परत कसा आला, की तो मुळात बरा झालाच नव्हता? रुग्णाचा दावा अडकला आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. उपचारात चूक नव्हती. चूक एका क्रियापदात होती.

प्रथम व्याकरण पाहू. इंग्रजीत रुग्णाला मलेरिया'फॉर' ट्रीट करतात, पण मलेरिया'ऑफ' क्युअर करतात. ही शब्दयोगी अव्यये केवळ रूढीची नाहीत. 'फॉर' आपल्या 'साठी'च्या जवळचे आहे, तर येथील 'ऑफ' पंचमीच्या जवळचे : रोगापासून सुटका, वियोग. म्हणजे 'ट्रीट'मध्ये वैद्य कशासाठी झटतो आहे ते कळते, आणि 'क्युअर'मध्ये रुग्ण कशापासून मुक्त झाला ते कळते. पहिले क्रियापद कर्म सांगते, दुसरे फल. म्हणूनच 'सहा महिने ट्रीट केले' हे वाक्य स्वाभाविक वाटते आणि 'सहा महिने क्युअर केले' हे कानाला खटकते. तेथे 'सहा महिन्यांत क्युअर केले' असेच म्हणावे लागते. 'मी त्याला ट्रीट करीत आहे' असे कोणताही डॉक्टर सहज म्हणतो. 'मी त्याला क्युअर करीत आहे' असे म्हणणारा एक तर बढाई मारतो किंवा त्याचे इंग्रजी कच्चे असते. 'ट्रीट केले पण क्युअर झाले नाही' हे वाक्य पूर्ण सुसंगत आहे आणि रोजच्या व्यवहारात ते खरेही असते.

व्युत्पत्तीने हा भेद अधिक रंजक होतो. 'ट्रीट'चे मूळ लॅटिन 'त्राक्तारे' म्हणजे हाताळणे. त्याच्याही मागे ओढण्याच्या अर्थाचा धातू आहे, ज्यातून आपल्या शेतातला ट्रॅक्टर आला. 'क्युअर'चे मूळ लॅटिन 'कूरा', म्हणजे काळजी. आरंभी या शब्दातही काळजी घेण्याचाच अर्थ होता. नंतर तो आकुंचित होऊन काळजीच्या यशस्वी शेवटावर येऊन थांबला. (इंग्रजी 'केअर' उच्चाराने जवळचा वाटला तरी तो जर्मानिक कुळातला, वेगळ्या मुळाचा शब्द आहे. येथे अनेक जाणकारही फसतात.)

वैद्यकाबाहेरही दोन्ही शब्द आपल्या परिचयाचे आहेत. स्लॅब टाकल्यावर गवंडी पाणी मारीत राहतो त्याला तो 'क्युरिंग' म्हणतो. काँक्रीट पक्के झाले की ते काम संपते. उलट कपाशीच्या बियाण्याला पेरणीपूर्वी औषध चोळतात, त्याचे इंग्रजी नाव 'सीड ट्रीटमेंट', मराठी नाव बीजप्रक्रिया. बीजप्रक्रिया केली म्हणून पीक येईलच असे विदर्भातला कोणताही शेतकरी समजत नाही. मराठीने येथे 'प्रक्रिया' हा शब्द निवडला हे किती अचूक आहे!

आता आपल्या शास्त्राकडे वळू. 'चिकित्सा' हा शब्द 'कित्' धातूला 'सन्' प्रत्यय लागून सिद्ध होतो, आणि रोगाचा प्रतिकार हा त्याचा अर्थ. प्रतिकार ही क्रिया आहे. तिच्या पोटात फलाची हमी नाही. मराठीत तर 'चिकित्सक' म्हणजे बारकाईने तपासणारा, क्वचित खोड काढणारादेखील. म्हणजे 'ट्रीट' या क्रियापदाला 'चिकित्सा करणे' किंवा 'उपचार करणे' हेच योग्य प्रतिशब्द होत. फलाचा विचार आचार्यांनी स्वतंत्रपणे केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात महाचतुष्पाद अध्यायात सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे भेद येतात, आणि असाध्य रोगाची चिकित्सा अंगावर घेणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते असा इशाराही तेथेच आहे. 'क्युअर' हे क्रियापद फक्त पहिल्या दोहोंना शोभते. याप्य रोगात चिकित्सा सुरू असेपर्यंत रुग्ण सुखाने जगतो. चिकित्सा थांबली की रोग डोके वर काढतो. चरकांनी कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य आणि वातज असाध्य मानले. तमकश्वास याप्य मानला, मात्र नवा असल्यास साध्य. इतकी सूक्ष्म दृष्टी ज्यांच्या परंपरेत आहे त्यांनी सरसकट 'क्युअर्स डायबेटीस' छापावे याचे आश्चर्य वाटते.

आधुनिक वैद्यकालाही हा शब्द जपूनच वापरावा लागतो. क्षयरोगाच्या कार्यक्रमात 'क्युअर्ड' आणि 'ट्रीटमेंट कम्प्लीटेड' हे दोन वेगळे निकाल नोंदवितात. औषधांचा पूर्ण कोर्स घेतला, पण शेवटी जंतू नाहीसे झाल्याचा तपासणीचा पुरावा नोंदलेला नाही, तर त्या रुग्णाला 'क्युअर्ड' म्हणत नाहीत. मधुमेहाबाबत २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने व्याख्या दिली : औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला 'रिमिशन' म्हणावे. 'क्युअर' हा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक टाळला. माझ्या त्या दाखल्यात हाच शब्द असता तर खुलाशाची वेळ आली नसती.

औषधविक्रेत्यांच्या दृष्टीने कायद्याची भाषा सर्वांत महत्त्वाची, म्हणून तेथे थोडे थांबू. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या कलम ३ मध्ये अनुसूचीतील रोगांबाबत निदान, क्युअर, उपशमन, ट्रीटमेंट आणि प्रतिबंध अशा पाचही शब्दांनी जाहिरात करण्यास मनाई आहे. अनुसूचीत ५४ नोंदी असून त्यांत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, रक्तदाब, लठ्ठपणा, मुतखडा, कोड असे आपल्याकडे रोज येणारे रोग आहेत. तेव्हा 'क्युअर' खोडून 'ट्रीट' लिहिले की आपण सुटलो, ही समजूत या कायद्यापुढे टिकत नाही. शिवाय 'जाहिरात' या शब्दाच्या व्याख्येत पत्रक, लेबल, वेष्टन आणि तोंडी केलेली घोषणासुद्धा येते. काउंटरवर ठेवलेले रंगीत पत्रक आपण छापले नाही एवढ्याने विक्रेत्याने निश्चिंत राहू नये.

तुलनेसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १०६ व परिशिष्ट 'जे' पाहावे. (आयुर्वेदीय औषधांच्या लेबलासाठी नियम १६१ स्वतंत्र आहे.) नियम १०६ मध्ये मात्र दोनच क्रियापदे आहेत : 'प्रिव्हेंट' आणि 'क्युअर'. परिशिष्टातील रोग टाळण्याचा वा बरा करण्याचा दावा औषधाने करू नये, इतकेच तेथे म्हटले आहे. एका कायद्याने पाच शब्द मोजले, दुसऱ्याने दोन. शब्द निवडताना विधिकर्त्यांनी हा भेद जाणूनच ठेवलेला दिसतो.

आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या नियम १७० बाबतही संभ्रम आढळतो. आयुष मंत्रालयाने १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली काढले. या सर्व काळात १९५४ चा अधिनियम मात्र जसाच्या तसा लागू होता आणि आहे. 'नियम गेला, आता मोकळीक' असे जे ऐकू येते ते चुकीचे आहे.

या अधिनियमाचे कलम १४ आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असते. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने स्वतःच्या जागेत लावलेल्या फलकास तेथे सूट आहे, पण कशासाठी? अमुक रोगाची 'ट्रीटमेंट' येथे केली जाते, एवढे दर्शविण्यासाठी. 'क्युअर' हा शब्द त्या सवलतीत नाही. सीताबर्डी, महाल, इतवारी कोठेही दवाखाना असो, 'येथे मधुमेहावर उपचार केले जातात' हा फलक या सवलतीत बसतो आणि 'मधुमेह मुळापासून बरा केला जातो' हा बसत नाही. ही सवलत वैद्याच्या दवाखान्यापुरती आहे, औषधाच्या दुकानाला नाही, हेही विक्रेत्यांनी ध्यानात घ्यावे.

मराठीत या दोन टोकांच्या मध्ये उत्तम शब्द आहेत : गुण येणे, उतार पडणे, आराम पडणे, औषध लागू पडणे. रुग्ण 'गुण आला' म्हणतो तेव्हा तो रोग समूळ गेला असे म्हणत नसतो. आपणच केसपेपरवर त्याचे 'क्युअर्ड' करतो. गुण आल्यास 'इम्प्रूव्हड', लक्षणे आटोक्यात असल्यास 'कंट्रोल्ड', उपचार पूर्ण झाल्यास 'ट्रीटमेंट कम्प्लीटेड' असे लिहिता येते. कामलेचा रुग्ण तपासण्यांसह पूर्ववत झाला तर 'रिकव्हर्ड' लिहावे, त्यात कमीपणा नाही.

माझ्या दवाखान्यातील दाखल्याच्या नमुन्यात आता 'ट्रीटेड फॉर' हे शब्द छापलेले आहेत. पुढे रोगाचे नाव, उपचाराचा आरंभ व शेवट यांच्या तारखा आणि शेवटच्या तपासणीचे आकडे यांसाठी रिकाम्या जागा आहेत. विमा कंपनीला हवे असलेले सर्व त्यात येते.