दिवेलागणीचा फोटो: खर्च कुठे करायचा, कुठे नाही

मुळशीत प्री-वेडिंग करायचं म्हटलं की फोटोग्राफर सहसा दिवसभराचं पॅकेज पुढे करतो. चार पोशाख, ड्रोन, व्हिडिओ धरून पुण्याच्या बाजारात आकडा साधारण २५ हजारांवरून ६० हजारांपर्यंत सहज जातो. तुम्हाला मात्र मागे दिवे लागलेली इमारत आणि पुढे दोघांच्या काळ्या आकृत्या (सिल्हूट), एवढाच फोटो हवा असेल तर संध्याकाळपुरतंच बोला. एक फोटोग्राफर, एक मदतनीस, तीन-चार तास आणि दहा-बारा तयार फोटो एवढं काम ८ ते १५ हजारांत बसायला हरकत नाही.

कारण प्रत्यक्ष काम वीसेक मिनिटांचं आहे. आपल्याकडे सूर्य तिरका रेंगाळत नाही, झपकन उतरतो. मावळल्यावर २२-२३ मिनिटांत आकाशातला निळा उजेड जवळपास संपतो. आकाश नि दिवे तोलात असतात ती वेळ त्याहून कमी. डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, जूनअखेर सव्वासातला. मुळशीत पश्चिमेला डोंगर असल्यानं ऊन त्याआधीच जातं, म्हणून डिसेंबरात साडेचारला जागेवर पोचा.

जागा कोणती? तालुक्यात रोषणाईची दोन ठिकाणं चटकन आठवतात. एक लवासातलं दासवे: इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवरच्या रंगीत इमारती आणि समोर पाणी. पण लवासा उभारणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हल्ली दिवे किती लागतात ते आदल्या संध्याकाळी कुणाला तरी विचारून घ्या. अंधाऱ्या खिडक्यांपुढे सिल्हूट होत नाही. दुसरं हिंजवडी. तेही मुळशीतच येतं, हे तिथं रोज जाणाऱ्यांनाही आठवत नाही! आयटीतल्या जोडप्याला काचेच्या इमारती अगदी शोभतील. आवारात शिरायला परवानगी लागेल; रस्त्यावरून काढायचा तर शनिवार-रविवार बरा, पण सुट्टीच्या दिवशी दिवे कमी असतात, तेही आधी पाहा. मुळशी धरणाच्या भिंतीवर मात्र फोटोचा आणि ड्रोनचा हट्ट नकोच. रिसॉर्टच्या आवारात शूटचे वेगळे पैसे घेतात, काही हजार, पावती मागा.

आता खरी बचत. काळ्या आकृतीत रंग दिसत नाही. पैठणी असो की भाड्याचा पाच हजारांचा गाऊन, फोटोत दोन्ही काळेच! दिसते ती बाह्यरेषा. म्हणून नऊवारीचा काष्टा, फेट्याचा तुरा, बाजूनं दिसणारी नथ आणि मुंडावळ्या यांनी चित्र उठतं, आणि यातलं बरंचसं घरात असतं. मेकअपवर तीन-चार हजार घालवायचे तर दिवसाउजेडी चेहऱ्याचेही फोटो काढणार असाल तरच. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये चार बोटं मोकळी जागा राहू द्या, नाहीतर दोन माणसांचं एक गाठोडं दिसतं. समोरून गाडीचे दिवे आणि मोबाईलचे टॉर्च बंद.

हिशेब असा: फोटोग्राफर १२ हजार, ८ तास-८० किलोमीटरची गाडी अडीच हजार, जागेचे ३ हजार. एकूण साडेसतरा. फोटोग्राफर जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्याच्या १२ हजारांवर १८ टक्के, म्हणजे २,१६० रुपये आणखी. "कर धरून किती?" हे पहिल्याच फोनवर विचारा. वाचलेल्या पैशांत दुसरी संध्याकाळ राखून ठेवता येते. ढग आले तर पोशाखांपेक्षा तीच उपयोगी पडते.

कोटेशनमध्ये तीन ओळी हव्यातच: पाऊस किंवा ढग आले तर तारीख बदलण्याचे किती, मूळ फाईल मिळणार का, आणि फोटो किती दिवसांत. आणखी एक ओळ बारीक अक्षरात असते, ती वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. छापील अटीत तो फोटोग्राफरकडे गेलेला असला तर तुमचा फोटो त्याच्या जाहिरातीत झळकेल. नको असेल तर ओळ खोडून दोघांनी सही करा.

अॅडव्हान्स तिसऱ्या हिश्शाहून जास्त देऊ नका. तोही यूपीआयनं, म्हणजे नोंद राहते. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी लागत नाही.