मासोळी आणि भाजी एकाच पाण्यावर: आधी फिल्टर, मग मासे



ॲक्वापोनिक्सचे व्हिडिओ पाहून टाकी केवढी घ्यावी, बीज कुठून आणावं, हे बरेच जण विचारतात. फिल्टरचं कोणी विचारत नाही. मासे मरतात ते त्याच्यामुळेच.

आपल्या मामा तलावात पाणी भरपूर, काठाला पाणवनस्पती, तळाला गाळ. माशांची घाण तिथं जिरून जाते. हजार लिटरच्या टाकीत जिरत नाही. मासे अमोनिया सोडतात, तो साठला की एका रात्रीत मासे पलटी होतात.

फिल्टर दोन टप्प्यांचा ठेवा. आधी विष्ठा आणि उरलेलं खाद्य खाली बसलं पाहिजे. हजार लिटरला २०० लिटरचा ड्रम पुरतो, तळाला कॉक लावा. पाणी त्यात २० ते ३० मिनिटं संथ राहू द्या. तळाचा गाळ रोज सोडा, धानाच्या बांधीला तो खतच आहे.

दुसरा टप्पा जिवाणूंचा. भाजीच्या वाफ्यात युरिया टाकल्यावर जमिनीतले जिवाणू त्याच्या अमोनियाचं नायट्रेट करतात, तेच काम इथं गिट्टीवर चालतं. पण त्यांना हवा लागते. पाणी साचलेल्या बांधीत चिखलात हवा नसते, म्हणून तिथं हे काम जवळजवळ थांबतं. तुमचा फिल्टर चिखलाने भरला तर त्याचीही बांधीच झाली समजा! म्हणून पहिला ड्रम टाळू नका.

गिट्टी ८ ते २० मिमी, थर ३० सेंमी. घेण्याआधी मूठभर गिट्टीवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, ती नको, पाण्याचा सामू वाढतो. सामू ७ च्या आसपास ठेवा. गिट्टी धुवायची वेळ आली तर टाकीच्याच पाण्याने, तीही थोडी थोडी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं.

*जिवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात.* तोवर मोजकेच मासे, खाद्य अगदी कमी. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही १ मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली आले आणि नायट्रेट दिसू लागलं की मगच मासे वाढवा. पुढे रोज २०० ग्रॅम खाद्य पडत असेल तर पालक, सांभारासाठी ४ ते ५ चौरस मीटर वाफा हवा.

सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी हवा वाढवा, खाद्य बंद करा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला.

लाईन गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा. पाणी काही तास बंद राहून फिल्टरला सडक्या अंड्यासारखा वास आला असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, पूर्ण बाहेर सोडा, मगच पंप सुरू करा.

भाजीवर कीटकनाशक अजिबात नाही. नीम अर्कसुद्धा विचारल्याशिवाय नको, तो माशांना बाधतो.

माझं मत विचाराल तर यंदा एकच टाकी, तीही कर्ज न काढता. थाई मांगूर कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे. गिट्टी आणि ड्रमचे फोटो याच नंबरवर पाठवा, बीज आणण्याआधी.

— कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जि. गोंदिया