हे काम निग्रहाचं नाही

चि. सौरभ,

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं तुझं सीपॅप मशीन कपाटावर जाऊन बसल्याचं कळलं. ‘मला ते जमत नाही, माझ्यात तेवढी चिकाटीच नाही,’ असं तू आईला म्हणालास. जमत नाही हे मला मान्य आहे, पहिल्या आठवड्यात ते फार थोड्यांना जमतं. पण चिकाटीचा मुद्दा मला पटत नाही. आपल्याकडे न आवडणारी कुठलीही गोष्ट करायची म्हटलं की तिचा नेम होतो. पहाटे उठण्याचा नेम, साखर सोडण्याचा नेम. नेम मोडला की माणूस स्वतःला चार शिव्या घालतो आणि विषय तिथेच मिटतो. सीपॅपला ही रीत लावली तर घात होतो. पहाटे तीनला मास्क ओढून काढणारा माणूस धड जागासुद्धा नसतो, मग तिथे त्याचा निग्रह काय करणार? हात मास्ककडे जातो त्याला बहुतेक वेळा एखादं साधं कारण असतं. डोळ्यात हवा जाते, घशाला कोरड पडते, नाक चोंदतं, नाहीतर हवेचा झोत एकदम अंगावर येतो. यातल्या प्रत्येकावर काही ना काही इलाज आहे, पण ‘मीच कमी पडलो’ असं ठरवून टाकलं की इलाज कोणी शोधतच नाही. म्हणून हे पत्र.

आधी मशीन नेमकं काय करतं ते बघू, कारण भीतीचा निम्मा भाग गैरसमजाचा असतो. ते ऑक्सिजन देत नाही आणि व्हेंटिलेटरसारखा तुझा श्वासही घेत नाही. खोलीतलीच हवा ते थोड्या दाबानं आत सोडतं. घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नसतो. झोपेत स्नायू सैल पडले की तो भाग आत ओढला जातो, वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागं करतो आणि त्या धक्क्यात रक्तदाब वर जातो. सकाळी यातलं काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो मोजला जातो, अर्धवट अडलेले श्वासही धरले जातात, आणि तासाला असे किती हा तुझ्या स्लीप स्टडीतला एएचआय. पाचच्या खाली ठीक, तीसच्या वर तीव्र, आणि तुझा ३८ आहे. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एकदा. हवेचा दाब आतून ती वाट उघडी धरतो, बस्स. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि मशीन ४ ते २० पर्यंत जातं. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभरावा भाग. नाकावर तो वादळासारखा वाटतो, छातीला तो फारसा कळतही नाही. आणि यात लाज वाटण्याजोगं काही नाही. मुंबईत आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत झोपेत श्वास अडण्याचा हा विकार, दिवसाच्या पेंगेसकट, ७.५ टक्के जणांत असल्याचा अंदाज निघाला. तुझ्या ऑफिसच्या मजल्यावर तू एकटा नाहीस, एवढं नक्की.

सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवर केलेल्या सीपॅपच्या उपचाराची पहिली माहिती दिली. त्याआधी तीव्र रुग्णापुढे खात्रीचा एकच मार्ग होता : गळ्याला भोक पाडून श्वासनलिका उघडायची. सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क रोज रात्री नाकाला सिलिकॉननं चिकटवावे लागत आणि ब्लोअर इतका आवाज करी की तो लांब ठेवावा लागे. ‘त्यांनी सोसलं, मग तुला काय होतंय’ असं सांगायला मी हे लिहीत नाही. उलट यातून मला दिसतं ते असं, की गेल्या चाळीस वर्षांत माणसाचा निग्रह वाढला नाही, मास्क सुधारला. माणसाला मशीनच्या मापात बसवण्यापेक्षा मशीन माणसाच्या मापाचं करत गेले, म्हणून हा उपचार घरोघरी पोचला. तुझ्या बाबतीत ते काम अर्ध्यावर राहिलंय इतकंच.

आता पुरावा बघ. १९९३ साली अमेरिकेत ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये तास मोजण्याची सोय करून ठेवली होती. ६० टक्के जण म्हणाले, आम्ही रोज लावतो. प्रत्यक्षात दहापैकी सात दिवस निदान चार तास लावणारे निघाले ४६ टक्के. आपली आठवण या बाबतीत भरवशाची नसते. त्याच गटातल्या संशोधकांनी पुढे रात्रींचा हिशेब मांडला, तेव्हा नियमित लावणारे आणि अधूनमधून लावणारे यांच्या वाटा चौथ्या दिवसापासूनच वेगळ्या झालेल्या दिसल्या. याचा अर्थ चौथ्या दिवशी नशीब ठरतं असा नव्हे. पण ‘बघू, महिनाभरात होईल सवय’ म्हणून त्रास अंगावर काढत बसणं हा वाईट सल्ला आहे, आणि नातेवाईक हाच सल्ला देतात. तक्रार पहिल्या आठवड्यातच दुकानदाराकडे आणि डॉक्टरांकडे गेली पाहिजे, तीही नेमकी : रात्री किती वाजता काढला, आणि तेव्हा काय होत होतं. ‘त्रास होतो’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही.

मास्क नीट बसणं हा यातला सगळ्यात मोठा भाग, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. दुकानात खुर्चीवर बसून आरशात पाहून मास्क लावतात. आडवं झालं की गाल ओघळतात, जबडा मागे जातो आणि तोच मास्क गळायला लागतो. म्हणून पलंगावर आडवा हो, मशीन सुरू कर, दाब पूर्ण येऊ दे आणि मग पट्टे बेताचे कर. हवा निसटली की प्रत्येक जण पट्टा आवळतो, तिथेच चूक होते. नाकाभोवतीची सिलिकॉनची पातळ कड हवेनं फुगून चेहऱ्याला टेकायची असते. आवळली की ती चेपते, सिलिकॉन सुरकुततं आणि गळती वाढते. शिवाय सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ. पट्टे सैल कर, मास्क चेहऱ्यापासून जरा उचल, हवा भरू दे आणि पुन्हा टेकव. तुझ्या मिशांमुळे नाकावरच्या मास्कची कड खालून सुटत असेल, तर नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या पिलोचा मास्क मागून बघ. डोक्याला तेल आणि चेहऱ्याला क्रीम लावून झोपायची सवय सोड, सिलिकॉन त्यानं घसरतं आणि खराबही होतं. कड रोज सकाळी साध्या साबणानं धुवायची. आणखी एक : मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यातून सतत वारा येतो. शेजारी झोपलेल्या रश्मीच्या तोंडावर तो येतो म्हणून कोणी त्यावर चिकटपट्टी लावायला निघालं तर लावू देऊ नकोस, तुझा उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो. वीज गेली तर गुदमरेन ही भीतीही अनेकांना असते. दाब गेला की बहुतेकांना जाग येते आणि मास्क काढता येतो. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला तर बाहेरची हवा आत घेणारी झडपच असते. तुमच्याकडे लोडशेडिंगचा त्रास असेल तर मशीन इन्व्हर्टरवर जोडून टाक.

कोरडेपणाचं उत्तर पाण्याच्या डब्यात असतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर घाल, बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो. ओलावा वाढवलास आणि खोलीत एसी असला तर पाइपमध्ये पाणी साचून गुडगुड आवाज येतो, तेव्हा ओलावा थोडा कमी कर आणि पाइप पांघरुणाखालून घे. नाक मुळातच बंद असेल तर कुठलाही मास्क नकोसाच होणार, म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. झोत अंगावर येतो त्यासाठी रॅम्प असतो, दाब कमीपासून हळूहळू चढतो. पोट फुगतं, ढेकरा येतात, हे मात्र डॉक्टरांनाच सांग. दाब स्वतः बदलत बसू नकोस. झोप यावी म्हणून रात्री दोन पेग घेणं किंवा कोणाच्या सांगण्यावरून गोळी घेणं ही तर उलटी युक्ती झाली, दारूनं घसा आणखी सैल पडतो.

कोंडल्यासारखं वाटत असेल तर सराव रात्री करूच नकोस. अंधारात, दमलेलं असताना, उद्याच्या कामाची धास्ती घेऊन नवी गोष्ट कोणी शिकत नाही. संध्याकाळी बातम्या बघताना नुसता मास्क हातानं धरून बस, पट्टे नकोत, मशीनही नको. ते सहज वाटलं की पट्टे लाव, मग मशीन चालू कर, मग तसाच आडवा होऊन वाच. जिथे घाबरल्यासारखं होईल तिथे एक पायरी मागे ये. यात मन मारायचं काही नाही. नाकावरच्या स्पर्शाचा धोक्याशी लागलेला संबंध तुटेपर्यंत वेळ द्यायचा, एवढंच. मन मारून लावलेला मास्क हाच पहाटे फेकला जातो, असं माझं मत आहे.

‘चार तास लावला तरी पुरे ना?’ असं तू विचारशील, कारण चार तासांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. अमेरिकेत विम्यातून मशीनचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला तो वापरतात, म्हणून तो सगळीकडे पसरला. २००७ साली तीव्र विकाराच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात जास्त तास लावणाऱ्यांमध्ये सुधारलेल्यांचं प्रमाण चढत गेलं : स्वतःला जाणवणारी पेंग चार तासांपर्यंत, चाचणीत मोजलेली पेंग सहा तासांपर्यंत, रोजचं कामकाज साडेसात तासांपर्यंत. शिवाय स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि तिच्यात स्नायू सर्वांत सैल असतात. पहाटे तीनला मास्क काढणारा माणूस नेमका वाईट भाग उघड्यावर काढतो. पण लगेच साडेसात तासांच्या मागे लागू नकोस. आज तीन तास होत असतील तर पुढच्या आठवड्यात चार होऊ देत. आणि पहाटे जाग आल्यावर मास्क बाजूला पडलेला दिसला तर तो पुन्हा लावून झोप, रात्र फुकट गेली असं धरू नकोस.

तुझ्या शंका मला ठाऊक आहेत. वजन उतरवलं की झालं, मशीन कशाला? वजन उतरवच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत १० टक्के वजन घटलं की एएचआय सरासरी २६ टक्के घटताना दिसला. पण तुझ्या ३८ वरून हा हिशेब केला तर २८ उरतात, आणि ते उतरेपर्यंतच्या रात्रींचं काय? डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणा असलेल्या रुग्णांच्या या विकारासाठी मंजूर झालं, तो पर्याय डॉक्टरांशी बोलण्यासारखा आहे, पण त्यालाही महिने लागतात. प्राणायामाचं म्हणशील तर प्राणायाम जागेपणी होतो आणि घसा बंद होतो झोपेत. घशाच्या व्यायामांनी थोडा उपयोग होतो याचे पुरावे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजरीडू हे फुंकवाद्य शिकल्यानं मध्यम विकाराच्या रुग्णांत सुधारणा झाल्याचा एक छोटा प्रयोग २००६ मध्ये छापून आला होता. हौस असेल तर शीक, पण तुझ्या आकड्याला त्यावर विसंबता येणार नाही. ‘एकदा लावलं की कायमचं चिकटतं’ हे चष्म्याबद्दलही म्हणत असत. चष्म्यानं डोळे परावलंबी होत नाहीत, नीट दिसायला लागतं म्हणून तो सोडवत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मी झाकणार नाही. भारतासह सात देशांत २,७१७ लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २०१६ मध्ये आले) आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्यांना सीपॅप दिल्यानं पुढचे झटके कमी झाले नाहीत. यात दोन गोष्टी लक्षात घे. मास्कचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता, आणि खूप पेंग येणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तरीही निकाल लागला तो लागला. म्हणून हार्ट अटॅकची भीती घालून मी तुला मास्क लावायला सांगत नाही. त्याच चाचणीत दिवसाची पेंग कमी झाली, मन हलकं झालं, कामाचे दिवस कमी बुडाले. रोज ठाण्याहून पनवेलला गाडी चालवत जाणाऱ्या माणसाला एवढं कारण पुरेसं आहे.

तेव्हा मशीन खाली काढ आणि आधी मास्क घेऊन दुकानात जा. दोन-तीन प्रकार आडवं होऊन लावून बघायला देतील असं दुकान शोध, नाही म्हणाले तर दुसरं बघ. पुढच्या भेटीला मशीनमधलं कार्ड बरोबर ने आणि डॉक्टरांना तीन गोष्टी वाचून दाखवायला सांग : रोजचे तास, गळती, आणि मास्क लावल्यावर उरलेला एएचआय. उरलेला आकडा पाचच्या आत असेल तर दाब बरोबर आहे, मग फक्त तासांचंच बघायचं. गळती मोठी असेल तर बाकीच्या आकड्यांवर फार विसंबू नकोस, पुन्हा मास्ककडेच वळायला हवं. गणपतीला गावी येशील तेव्हा मशीन घेऊनच ये, मागच्या खोलीत पलंगाशेजारी प्लग आहे. रश्मीला आशीर्वाद.

तुझी,
नलूमावशी