आधी डावा हात

नारपोली, भिवंडी

चि. सोनू,


तू वाजवलेला ‘आमेली’ चित्रपटाचा वॉल्ट्झ ऐकला. उजवा हात सफाईदार झालाय. पत्र लिहितोय ते डाव्या हातासाठी.

त्या चित्रपटाच्या, यान टिअर्सनच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिकेत (2001) हा वॉल्ट्झ तीन रूपांत आहे: मूळ, वाद्यवृंदाचा आणि नुसत्या पियानोचा. तिन्ही लागोपाठ ऐक. वाद्यवृंदात अनेकजण वाटून घेतात ते काम पियानोवर दोनच हातांना करायचं असतं, त्यामुळे बरंच सोडावं लागतं. पण खर्जातला पहिला सूर आणि त्यामागचे दोन हलके कॉर्ड सोडता येत नाहीत. वॉल्ट्झ राहतो तो तिथेच.

तुझे तिन्ही ठोके मात्र सारख्याच वजनाचे पडतात, आपल्या गल्लीतल्या यंत्रमागासारखे. पहिल्यावर वजन दे. दुसरा, तिसरा नुसते टेकवून उचल. पेडल तिसऱ्याच्या आधी सोड, नाहीतर सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. व्हिएन्नाचे वादक दुसरा ठोका किंचित आधी घेतात. तू इतक्यात त्या वाटेला जाऊ नकोस.

तबल्यावर दादरा शिकलीयस, त्याने फसू नकोस. धा धीं ना, धा तीं ना. मात्रा तीन-तीनच, पण चौथीवर खाली. वॉल्ट्झमध्ये अशी नेमलेली खाली नाही, दर तीन मात्रांनी नवा जोर येतो. दोन खंड मिळून एक श्वास धरायला मात्र दादऱ्याची सवय फार उपयोगी पडेल, ती मोडू नकोस.

आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या अरेंजरांनी हेच काम उलट्या दिशेने केलं. शंकर-जयकिशनच्या चाली सेबॅस्टियन डिसोझांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत उतरवल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले; संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गाणी घराघरांत पोचली, ही माणसं मात्र बहुतेकांना ठाऊक नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. त्या गाण्यांत व्हायोलिनच्या खाली काय चाललंय तिकडे कान दे. मांडणी तिथे शिकायला मिळते.

मग दादऱ्यातली एखादी मराठी चित्रपटातली चाल घे आणि तिचा पियानोसाठी वॉल्ट्झ कर. आधी डावा हात लिही, चाल नंतर. कीबोर्डवरचं तयार ‘वॉल्ट्झ’चं बटण दाबू नकोस, ते दाबलंस की तुझा डावा हात काहीच शिकणार नाही. दिवाळीला येशील तेव्हा लिहिलेला कागद घेऊन ये, पेटीवर बसून पाहू.

तुझा,
मामा